टोपीवाल्या बाईच्या डोक्यावरचं भोक

"या वेळी डॉक्टर गार. लिहून ठेव," धाकट्याने बायकोला सांगितलं. "बाबांच्या पंच्याहत्तरीला माझं नाणं बघून त्याचा जबडा असा खाली पडेल की त्यालाच दुसरा डेंटिस्ट शोधावा लागेल."

"आधी नाणं तर आण," बायको म्हणाली.

धाकटा म्हणजे धाकटा जावई. लिफ्ट दुरुस्त करतो. अडकलेल्या लिफ्टमधून त्याने आजवर किती रडणारी माणसं बाहेर काढली असतील, पण सासरी त्याला हाक काय? काहीच नाही. थोरला जावई दातांचा डॉक्टर, त्यामुळे सासऱ्यांचं सतत "या डॉक्टर, बसा डॉक्टर, डॉक्टर चहा घ्या." आणि धाकट्याला सात वर्षांत मिळालेली हाक म्हणजे, "अं... हे... जरा पंखा कमी करता का?"

बरं, डॉक्टर माणूस वाईट असता तर एक वेळ बरं झालं असतं. पण तो चांगला. कुणाला टोचून बोलत नाही, भांडी घासायला स्वतःहून उठतो. असल्या माणसावर जळायचं म्हणजे सगळी मेहनत आपल्यालाच करावी लागते. धाकटा ती करायचा. मनापासून करायचा.

सासरे जन्मभर घड्याळं दुरुस्त करत आले. दुकान कधीच बंद केलं, पण डोळ्याला लावायचं भिंग अजून शर्टाच्या खिशात असतं. त्यांना जुन्या नाण्यांचा नाद. लाकडी पेटी, आत मखमल, मखमलीत गोल खळगे, एकेका खळग्यात एकेका देशाचं नाणं. फक्त एक खळगा रिकामा होता, जुन्या अमेरिकन चांदीच्या नाण्याचा. "अस्सल हवं, त्या काळचं. नक्कल नको," असं ते दर रविवारी त्या खळग्याकडे बघून म्हणायचे. गेल्या रविवारी डॉक्टर बोलून गेला, "बाबा, खड्डे बुजवणं तर माझा धंदाच आहे. बघतो मी."

सगळे हसले. सासरे तर चष्मा काढून डोळे पुसत हसले. धाकट्याच्या पोटात जे दुखायला लागलं ते सोमवार उजाडला तरी थांबेना. मग तो कामावरून थेट नाणेवाल्याकडे गेला.

नाणेवाल्याचं दुकान स्टेशनरीच्या दुकानामागे, तीन पायऱ्या उतरून. आत एक टेबल, एक दिवा आणि दिव्याखाली नाणेवाला.

"जुनं अमेरिकन. चांदीचं. अस्सल," धाकटा म्हणाला. "आणि मला परवडेल असं."

"चार गोष्टी एकदम मागताय," म्हणत नाणेवाल्याने एका पाकिटातून काळपट नाणं काढलं. सन अठराशे चौतीस. एका बाजूला टोपी घातलेली बाई, दुसऱ्या बाजूला गरुड. "कड बघा. आताच्या नाण्यांसारख्या रेघा नाहीत, अक्षरं आहेत. अर्धा डॉलर, असं कडेवरच लिहायचे तेव्हा. बाईचा चेहरा झिजलाय, पण खात्रीचा माल आहे."

धाकट्याने नाणं उचललं. टोपीच्या बरोबर वर एक भोक होतं.

"हे काय?"

"ते आहे म्हणून तर परवडतंय. कुणीतरी गळ्यात घालायला पाडलेलं. भोक नसतं तर तुम्ही किंमत ऐकून पाणी पिऊन गेला असता." नाणेवाल्याने नाणं पाकिटात घातलं. "एक ऐका. घासू नका, भोक बुजवू नका. जसं आहे तसं राहू द्या."

"छे छे, मी कशाला बुजवतोय?"

तिसरी पायरी चढेपर्यंत भोक बुजवायचं ठरलं होतं. कारण त्याला डोळ्यांपुढे एकच दिसत होतं. डॉक्टर ते नाणं उजेडाला धरतोय, भोकातून एका डोळ्याने बघतोय आणि मोठ्या मनाने म्हणतोय, "छान आहे की."

वाटेत सोनाराचं दुकान होतं. सोनार म्हणाला, "चांदी भरायची तर नाणं तापवावं लागेल, जुना रंग उडून जाईल. न तापवता चांदी फक्त दातात भरतात." आणि स्वतःच्याच विनोदावर खो खो हसला.

धाकटा हसला नाही. धाकट्याला युक्ती सुचली होती.

गावात इतके दातांचे डॉक्टर. पण अनोळखी डॉक्टरपुढे जाऊन "माझ्या नाण्याला चांदी भरा" कसं म्हणणार? आणि साडूला तर मेला तरी सांगणार नव्हता. म्हणून त्याने तिसरा मार्ग काढला. गुरुवारी तो दाढ धरून डॉक्टरच्या दवाखान्यात हजर झाला, नाणं शर्टाच्या खिशात.

"डावीकडची दाढ ठणकतेय. चांदी भरून टाका."

डॉक्टरने आरसा घालून बघितलं. "डावीकडची ठणठणीत आहे हो. किडलीय ती उजवीकडची."

"मग तीच असेल."

"ठणकतेय डावीकडे ना?"

"आता उजवीकडे यायला लागलंय."

डॉक्टरने भुवया उंचावल्या. "बरं. पण हल्ली चांदी कुणी भरत नाही. दाताच्या रंगाचं पांढरं भरतो आपण. कळतही नाही."

"मला चांदीच हवी."

"का बरं?"

"आवड," धाकटा म्हणाला.

डॉक्टरने गंमत वाटून सिस्टरला कपाटातली जुनी चांदी काढायला लावली. मग इंजेक्शन, मग कोरणं. धाकट्याचा अर्धा चेहरा असा बधिर झाला की गाल आपला आहे का शेजाऱ्याचा ते कळेना. चांदी मळून बशीत ठेवली आणि नेमका डॉक्टरचा फोन वाजला. "हिचा आहे, बाबांच्या भेटवस्तूबद्दल. दोन मिनिटं हं," म्हणून तो बाहेर गेला. सिस्टरही कापूस आणायला गेली.

भेटवस्तू. म्हणजे यानेही नाणं मिळवलंच असणार. धाकट्याने गळ्यातल्या प्लॅस्टिकच्या लाळेऱ्यासकट उडी मारली, खिशातलं नाणं काढलं, बशीतली चांदी बोटाने उचलली आणि भोकात दाबली. वरून नखाने सपाट केली. हात लिफ्टवाल्याचा, काम सुबक झालं. तेवढ्यात सिस्टर आत आली.

दुसरा माणूस असता तर त्याने नाणं खिशात टाकलं असतं. पण खिसा लाळेऱ्याखाली होता, म्हणून धाकट्याने ते तोंडात टाकलं.

"काय करत होता?" सिस्टरने विचारलं.

धाकट्याने मान हलवली. मागोमाग डॉक्टर आला. "सिस्टर, चांदी एवढीच काढली होती? असू दे, आणखी मळा. हं, आ करा."

धाकटा ओठ घट्ट मिटून बसला.

"अहो, घाबरताय कशाला? कोरून झालंय. आ करा."

"उं हूं."

"लहान मुलं बरी," सिस्टर म्हणाली.

दहा मिनिटं समजावणं चाललं. डॉक्टरने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, गाणी लावली, स्वतः आ करून दाखवला. धाकट्याच्या बधिर गालात अठराशे चौतीस सालची बाई निवांत पडली होती आणि ओठांच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती. शेवटी त्याने करंगळी वर केली, संडासात पळाला आणि नाणं हातावर थुंकलं. चांदी जागची हलली नव्हती. शेवटी तोंडात टिकायलाच बनवलेली चांदी ती.

परत येऊन त्याने एवढा मोठा आ केला की डॉक्टर म्हणाला, "शाबास."

रविवारी सासऱ्यांच्या पंच्याहत्तरीला सगळे जमले. आधी डॉक्टरने डबी पुढे केली. धाकट्याने मान लांब केली. डबीत नाणं नव्हतं, खिशातल्या घड्याळाची चांदीची साखळी होती.

"नाणं खूप शोधलं, बाबा," डॉक्टर म्हणाला. "मला अस्सल-नक्कल कळेना. उगाच फसलो असतो."

धाकट्याला वाटलं, आता नाचावं. त्याने पाकीट सासऱ्यांच्या हातात ठेवलं. "मला कळतं थोडंफार," असंही वर म्हणाला.

सासऱ्यांनी नाणं तळहातावर तोललं. भिंग लावलं. कडेवरची अक्षरं एकेक करून वाचली. मग ते म्हणाले, "अस्सल आहे."

डॉक्टरचा जबडा खरोखरच खाली आला. तो क्षण धाकट्याने डोळे भरून बघितला. बघून घेतला ते बरं केलं, कारण सासऱ्यांचं भिंग टोपीच्या वर जाऊन थांबलं होतं.

"इथे भोक होतं. कुणीतरी बुजवलंय. काय हात आहे बघा. डॉक्टर, या इकडे, बघा जरा."

डॉक्टरने भिंग लावलं. "बाबा, ही दातात भरायची चांदी." मग त्याने मान वर करून धाकट्याच्या उजव्या गालाकडे बघितलं. "गुरुवारची."

"काय गुरुवारची?" बायकोने विचारलं.

सांगावं लागलं. करंगळीसकट सगळं सांगावं लागलं. थोरली मेहुणी हसता हसता खुर्चीवरून घसरली. बायको हसली नाही, ती नुसती बघत राहिली, ते जास्त वाईट होतं.

सासरे मात्र नाण्याकडेच बघत होते. "अरेरे, भोक कशाला बुजवलंत? हे कुणीतरी अंगावर घालून हिंडलेलं नाणं आहे. पेटीत कशाला कोंडायचं? या साखळीला काय शोभलं असतं. डॉक्टर, मोकळं होईल का हो?"

"मी करतो," धाकटा पुढे झाला.

"तुम्ही राहू द्या. तुम्ही खूप केलंत."

आणि जी हत्यारं सासऱ्यांनी आजवर कुणाला हात लावू दिली नव्हती, ती घड्याळाची हत्यारं त्यांनी डॉक्टरच्या हाती दिली. पाच मिनिटांत भोक मोकळं झालं. टोपीवाली बाई डॉक्टरच्या साखळीला लटकून सासऱ्यांच्या पोटावर डुलायला लागली. पेटीतला खळगा होता तसाच रिकामा राहिला.

पुढच्या रविवारी धाकटा जिना चढून गेला तेव्हा दार उघडंच होतं. डॉक्टर आधीच आत बसला होता. सासऱ्यांनी दाराकडे बघितलं, पोटावरच्या बाईला बोटाने कुरवाळलं, आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला.

"या, पेशंट."

धाकट्याने मागे वळून बघितलं, दुसरं कुणी आलंय का. जिन्यात कुणी नव्हतं.

"आलो, बाबा," तो म्हणाला, आणि आत जाऊन न सांगताच पंखा कमी केला.