नाना सरपोतदारांचे प्रसंगाचे कपडे

नाना सरपोतदार फोनवर बोलायला कोट घालत.

अमेरिकेतल्या पिस्कॅटवे गावच्या आमच्या अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण त्यांचा फोन स्वयंपाकघराच्या खिडकीशेजारी भिंतीवर होता. फोन वाजला की नाना रिसीव्हर उचलत, "जस्ट अ मिनिट प्लीज" म्हणत, तो ओट्यावर आडवा ठेवत आणि आत जात. मग टाय, मग कोट, मग केसांवरून कंगवा. परत येऊन "यस, सरपोतदार हिअर" म्हणेपर्यंत पलीकडचे निम्मे लोक कंटाळून फोन ठेवून गेलेले असत. उरलेले बहुतेक गालिचे धुऊन द्यायला उत्सुक असलेले विक्रेते. त्यांचं मात्र नाना पूर्ण ऐकून घेत, कारण एवढा कोट घातलाय तर तो वाया कशाला घालवायचा.

नाना एका इंजिनिअरिंग कंपनीत ड्राफ्ट्समन होते. वय अठ्ठावन्न, बायको चार वर्षांपूर्वी गेलेली, एकुलती एक मुलगी शीला कॅलिफोर्नियात. मी जवळच्या युनिव्हर्सिटीत पीएचडी करत होतो, म्हणजे निदान घरी पत्रात तसं लिहीत होतो. नागपूरच्या माझ्या आत्याची आणि नानांच्या वहिनींची कधीकाळची ओळख. तेवढ्यावर नानांनी मला दत्तक घेऊन टाकलं. रविवारी त्यांच्याकडे आमटीभात, आणि त्याच्या बदल्यात मी त्यांचा ड्रायव्हर, कारण हायवेवर गाडी घालायला नाना घाबरत.

"पराग, प्रसंग बघावा, मग बटण लावावं," हे त्यांचं तत्त्वज्ञान. लाँड्रीला जाताना वेगळा स्वेटर. कचरा टाकायला पॉलिश केलेले बूट. एकदा बिल्डिंगचा फायर अलार्म वाजला. आम्ही सगळे जे अंगावर होतं त्यानिशी बर्फात धावलो, मी तर टॉवेलवर. नाना दहा मिनिटांनी इस्त्रीची पँट आणि मफलर घालून सावकाश उतरले. तोवर आगीचे बंबवाले त्यांना शोधायला वर गेले होते. माझ्या टॉवेलकडे बघून नाना म्हणाले, आग लागली म्हणून माणसानं काय लाज सोडायची?

तर असे नाना, आणि त्यांना आमंत्रण आलं अफगाण लग्नाचं.

खालच्या मजल्यावर रहीमसाहेब राहत. काबूलला भूगोल शिकवत असत, इथे टॅक्सी चालवत. देश सोडून पेशावरमार्गे आले होते, त्यामुळे हिंदी झकास बोलत. दोघांची दोस्ती चहावर जमली. एका संध्याकाळी ते वर आले आणि जरा चाचरतच बोलू लागले. मुलीचं, नसरीनचं लग्न ठरलं होतं. मुलाकडचे व्हर्जिनियाहून दोन बस भरून येणार. आणि मुलीकडचे? रहीमसाहेब, त्यांची बायको आणि म्हातारी आई. भाऊ सगळे पेशावरला अडकलेले. वऱ्हाडाच्या स्वागताला दारात एकट्या बापानं उभं राहणं बरं दिसत नाही. "मेरे भाई बनकर खड़े रहोगे?" त्यांनी विचारलं.

नाना उठले, आत गेले, कोट घालून आले आणि मग हो म्हणाले.

त्या दिवसापासून आमच्या डोक्याला ताप सुरू झाला. मुलीचा काका म्हणून उभं राहायचं, तर घालायचं काय? मी म्हटलं, रहीमसाहेबांनाच विचारा की. नानांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी यजमानाला जेवायला काय केलंय असं विचारायला सांगितलं होतं. मी म्हटलं, बरं बाबा, काळा सूट आहे तुमच्याकडे, तो घाला, मीही माझा एकुलता एक काळा सूट घालतो.

"मंगलकार्यात काळं? संक्रांत आहे का?" नाना म्हणाले. विषय संपला.

मग आम्ही लायब्ररीत. नानांनी तीन शनिवार घालवून एका जुन्या मासिकात हवं ते शोधलं. बर्फाळ खिंडीत घोड्यावर बसलेला एक धिप्पाड अफगाण. डोक्याला हा एवढा पटका, ढगळ सुरवार, आणि अंगावर हिरव्या-जांभळ्या पट्ट्यांचा पायघोळ झगा. नानांनी त्याचं चित्र काढून घेतलं, ड्राफ्ट्समनच ते, बाह्यांची मापंसुद्धा बाजूला लिहिली. मी म्हटलं, नाना, हा माणूस लग्नाला नाही, शिकारीला चाललेला दिसतोय. पण ऐकतो कोण.

सुरवार त्यांनी चादरीची शिवली. झगा कुठे मिळेना. शेवटी मॉलमध्ये पुरुषांच्या विभागात तो हँगरला लटकलेला सापडला. हिरवे-जांभळे पट्टे, पायघोळ, हुबेहूब. फक्त तो आंघोळीनंतर घालायचा बाथरोब होता. मी हे दोनदा सांगितलं. नाना म्हणाले, कापडाला थोडंच माहीत असतं आपण कशासाठी आहोत ते. मला त्यांनी आपला झब्बा, पायजमा आणि लोकरी जाकीट दिलं. काका एकटा बरा दिसत नाही, पुतण्या हवा.

राहिला पटका. नानांनी पलंगाखालची ट्रंक ओढली आणि तळातून खाकी कागदाचं पुडकं काढलं. आत फेटा होता, केशरी, जरीच्या काठाचा, कोरा करकरीत, दुकानाच्या घडीतला. अमेरिकेत फेटा, आणि तोही एकदाही न बांधलेला? मी विचारलं, कशाला आणला होता?

"आणून ठेवला होता," नाना म्हणाले. "प्रसंग आला नाही."

लग्न रविवारी दुपारी होतं. सकाळपासून आम्ही फेटा बांधत होतो. घरात जागा पुरेना म्हणून एक टोक नानांच्या डोक्यावर आणि दुसरं कॉरिडॉरच्या पार टोकाला माझ्या हातात. नाना गोल फिरत माझ्याकडे येत, मग म्हणत सैल झाला, मग उलटे फिरत परत जात. शेजारची म्हातारी लाँड्रीची बास्केट घेऊन तीनदा त्याच्याखालून वाकून गेली. चौथ्यांदा तिनेच मधे धरून दिला.

हॉल होता गावच्या फायर स्टेशनच्या वरचा. आम्ही दार उघडलं. आतले सगळे पुरुष काळ्या सुटात. टाय, रुमाल, चकाचक बूट. बायका टिकल्यांच्या लांब गाऊनमध्ये, केस फुगवून हे एवढे उंच. अहो, काबूलची शिकली-सवरलेली माणसं ती, घोड्यावरून थोडीच येणार होती. आणि दारात केशरी फेटा आणि बाथरोब घालून नाना. कॉलरमागे टॉवेलच्या खुंटीला अडकवायचा बंदसुद्धा दिसत होता. रहीमसाहेब बघतच राहिले. एक पोरगी तोंडावर हात ठेवून हसली.

मी नानांना दोन वर्षं ओळखत होतो, पण त्यांचा असा चेहरा कधी बघितला नव्हता. आयुष्यभर प्रसंग बघून बटण लावणारा माणूस, आणि ज्या दिवशी चुकायचं नव्हतं त्याच दिवशी चुकला. त्यांनी बाथरोब छातीशी घट्ट धरला. "पराग, गाडी काढ," ते हळूच म्हणाले. "मुलीच्या लग्नात तिचं हसं नको."

आम्ही वळलो, तेवढ्यात आतून एक खणखणीत हाक आली. रहीमसाहेबांची आई, बीबीजान, खुर्चीतून उठून काठी टेकत येत होती. अमेरिकेत आल्यापासून ही बाई कुणाशी धड बोलत नसे. ती नानांसमोर उभी राहिली, झग्याचा पट्टा चिमटीत धरून बघितला, फेट्याचा सुटलेला शेमला नीट खांद्यावर सोडला आणि फारसीत काहीतरी म्हणाली. रहीमसाहेबांचे डोळे भरून आले.

"अम्मा कहती हैं," ते म्हणाले, "घर से कोई तो आया."

मग काय विचारता. वऱ्हाड आलं तेव्हा दारात मधोमध नाना. व्हर्जिनियाच्या दोन बसमधल्या प्रत्येक माणसानं त्यांना मिठी मारली, निम्म्यांनी त्यांच्याबरोबर फोटो काढले. मलाही तिघांनी काका म्हटलं. निकाहला नसरीन आली ती हिरव्यागार पोशाखात. नानांनी माझा दंड दाबला. "हिरवा रे," ते म्हणाले, "आपल्यासारखाच." आणि कबूल झाल्याबरोबर त्यांनी बाथरोबच्या खिशातून मूठभर अक्षता काढून तिच्या डोक्यावर टाकल्या. मी डोळे मिटून घेतले. उघडले तर बीबीजान दुसऱ्या बाजूने साखरेत घोळलेले बदाम उधळत होती. मौलवीसाहेबांच्या दाढीत दोन्ही अडकलं होतं आणि ते हसत होते.

येताना गाडीत फेटा छताला लागत होता म्हणून नाना मान तिरकी करून बसले होते. घरी पोचलो तेव्हा पाच वाजले होते. रविवारी पाचला ते शीलाला फोन करत, कॅलिफोर्नियाची हवा आणि गाडीचं ऑइल एवढंच बोलत. मी सवयीनं खुर्चीवरचा कोट पुढे केला.

नानांनी तो घेतला नाही. म्हणाले, "तीन वर्षांपूर्वी असाच रविवार होता. शीलाचा फोन आला. म्हणाली, बाबा, शुक्रवारी कोर्टात लग्न केलं. मी बनियनवर होतो रे. हातात कणीक. बरं म्हटलं आणि ठेवून दिला. पोरीचं लग्न झालं आणि मी बनियनवर."

त्या कोटाला मी किती हसलो होतो, तेच आठवत राहिलं, आणि माझी मलाच लाज वाटली.

नानांनी नंबर फिरवला. ताठ उभे राहिले, एका हाताने फेटा सारखा केला.

"शीला, बाबा बोलतोय," ते म्हणाले. "नाही, हवा ठीक आहे. ऐक, मी आज फेटा बांधलाय. आता सांग, तुझं लग्न कसं झालं?"

मग शीला बोलायला लागली आणि नाना "हं, हं" करत भिंतीला टेकून हळूहळू खाली बसले, बाथरोबसकट, जमिनीवर. मी आवाज न करता चहाचं आधण ठेवलं.