उणे पाणी

वॉशर पास झाले. नुसते पास नाही, पैकीच्या पैकी. वास्तवाशी इतकं तंतोतंत जुळणारं मॉडेल आपण आजवर पाहिलेलं नाही, असं शिकवणाऱ्या मॅडम स्वतः म्हणाल्या. आता हे वाचून झालं असेल तर विसरून जा. असं काही घडलंच नाही. निदान वॉशर तरी तसंच समजून चालतात, आणि कुणी अभिनंदनाला हात पुढे केलाच तर आधी वारा कुठल्या दिशेने वाहतोय ते बघतात.

वॉशर म्हणजे कारखान्यातल्या दुरुस्ती विभागाचे प्रमुख. पंप गळो, झडप अडको, नाहीतर मोठ्या साहेबांची खुर्ची करकरो, ते वाकून बघायचे, 'हं' करायचे आणि म्हणायचे, "वॉशर बदला." त्यांचं खरं नाव पगारपत्रकात होतं, पण ते वाचायला तिथे कोण जातंय?

तर या वॉशरना कारखान्याने शिकायला बसवलं. यापुढे कुठलंही यंत्र बांधायच्या आधी कॉम्प्युटरवर बांधायचं, तिथेच चालवायचं आणि तिथेच मोडून बघायचं, असं वरून ठरलं होतं. जो हे शिकेल तो बॉयलरच्या धगीतून सुटून डिझाइन विभागाच्या गार खोलीत जाणार, गोल फिरणाऱ्या खुर्चीवर. जो नापास होईल तो पुन्हा पुढच्या बॅचला.

आणि पुढच्या बॅचला वॉशरचा मेव्हणा होता.

हा मेव्हणा त्याच कारखान्यात भांडार सांभाळायचा आणि कारखान्यातली बातमी संध्याकाळच्या आत ताईला पोचवायचा. वॉशर एकदा शिडीवरून घसरले होते, ती गोष्ट तो अजून प्रत्येक लग्नात सांगतो, आणि प्रत्येक लग्नात शिडी थोडी उंच होते. त्याच्या शेजारी बाकावर बसायचं म्हणजे वॉशरच्या मते बॉयलरमध्ये बसण्यासारखंच होतं, फक्त बॉयलर निदान बोलत नाही.

"दाजी, काळजी करू नका," मेव्हणा म्हणाला. "शेजारची जागा धरून ठेवतो."

शिकवणाऱ्या मॅडम वयाने वॉशरच्या लेकीहून जेमतेम मोठ्या. त्यांनी पहिल्याच दिवशी फळ्यावर एक रेष ओढली. "कुठलीही प्रणाली घ्या. आत काय येतं, बाहेर काय जातं, मध्ये काय साठतं ते लिहा. प्रणालीभोवती रेष ओढा. आणि बघणाऱ्याने रेषेबाहेर राहायचं, मध्ये हात घालायचा नाही." मग प्रत्येकाला आपापली प्रणाली निवडायला सांगितली. कुणी भट्टी घेतली, कुणी माल वाहणारा पट्टा. वॉशरनी घेतली घराच्या गच्चीवरची पाण्याची टाकी.

"का?" मॅडमनी विचारलं.

"सोपी आहे. आत पाणी येतं, बाहेर पाणी जातं."

"आणि मध्ये?"

"मध्ये भांडणं."

ते खोटं नव्हतं. टाकी लहान, पाणी पहाटे एकदाच चढायचं, आणि घरात माणसं चार. वॉशर, त्यांची बायको, कॉलेजात जाणारी लेक आणि वॉशरचे वडील, म्हणजे आबा. सकाळी शेवटच्या माणसाला नळातून फक्त हवा मिळायची, तीही फुसफुस करत.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉशर स्टॉपवॉच घेऊन बाथरूमच्या दाराबाहेर स्टुलावर बसले.

"बाबा, बाहेर तुम्ही आहात का?" आतून लेकीचा आवाज.

"हो. तू तुझं चालू दे. मी प्रवाह मोजतोय."

"शी! आई, हे बघ ना यांना!"

"अहो, उठा तिथून," बायको स्वयंपाकघरातून ओरडली. "शेजारचे बघतील तर काय म्हणतील? आंघोळीला पहारेकरी ठेवलाय?"

पण विद्येसाठी माणूस काय काय सोसतो. वॉशरनी घरादाराचं पाणी मोजलं, कॉम्प्युटरवर प्रत्येकाचा एक चौकोन केला आणि चौकोनांना बाण जोडून ते टाकीला लावले. इथवर सगळं शास्त्रशुद्ध होतं. चूक एवढीच झाली, की चौकोनांना त्यांनी शास्त्रशुद्ध नावंही दिली आणि कॉम्प्युटर उघडा ठेवून चहाला गेले.

परत आले तो पडद्यासमोर सगळं घर जमलेलं.

"गळती?" लेक म्हणाली. "मी गळती?"

"अगं, म्हणजे ज्या ठिकाणी पाणी सतत..."

"आणि मला काय म्हटलंय?" आबांनी चष्मा सारखा केला. "किरकोळ वापर. किरकोळ! अरे, हे घर मी उभं केलं. माझ्या नावावर एक बादली लिहितोस? लोक काय म्हणतील, म्हातारा मेलाय का?"

"आबा, पण तुम्हाला लागते एकच बादली."

"लागते एक. लिही दोन. मान आहे की नाही माणसाला?"

आबांना दोन मिळाल्यावर बायकोला भांड्यांचं, फरशीचं आणि कपड्यांचं असं तीन ठिकाणी स्वतंत्र पाणी हवं झालं. लेकीने गळती हा शब्द मागे घेण्याच्या बदल्यात केस धुण्याचा वेगळा बाण मिळवला. वॉशरनी सगळ्यांचं सगळं लिहून घेतलं. संसारात राहायचं तर माणसाला आकडे ताणावेच लागतात. मग त्यांनी मॉडेल चालवलं. पडद्यावरची निळी रेघ उतरत गेली, शून्याला टेकली आणि न थांबता खाली निघाली.

"हे काय?" बायकोने विचारलं.

"टाकीत उणे दीडशे लिटर पाणी."

"उणे पाणी म्हणजे?"

वॉशरनी बराच विचार केला. "म्हणजे टाकीच आपल्याकडे पाणी मागतेय."

आता कुणाचं तरी कापणं आलं. आबांच्या बादलीकडे नुसतं बघितलं तरी आबा छातीला हात लावत. लेकीचा बाण काढावा तर अबोला. बायकोचं कापण्याचा विचार वॉशरच्या मनातही आला नाही, ते शिकलेले नसले तरी शहाणे होते. उरला एकच चौकोन, जो तक्रार करणार नव्हता. वॉशरनी स्वतःचा चौकोन पुसला. तात्पुरता. लगेच निळी रेघ अशी देखणी आली, की दिवस संपता संपता बरोब्बर शून्याच्या किंचित वर येऊन नम्रपणे थांबली. त्या आनंदात वॉशर ते 'तात्पुरता' विसरून गेले.

वर्गात मॅडमना मॉडेल आवडलं. "छान. आता पडताळणी." त्यांनी पाण्याची पातळी मोजणारं एक यंत्र दिलं. ते टाकीत बसवलं की खऱ्या पाण्याची लाल रेघ निळ्या रेघेशेजारी उमटणार. "पुढच्या सुटीच्या दिवशी मी घरी येऊन बघेन. दोन्ही रेघा जुळल्या तर पास."

रेघा जुळल्या नाहीत. निळी शांतपणे उतरत होती आणि लाल दहा पायऱ्या एकदम उड्या मारत होती. भांडलेल्या नवरा-बायकोसारख्या दोघी एकाच घरात असून एकमेकींकडे बघत नव्हत्या. वॉशर जेवायलाही कॉम्प्युटर ताटाशेजारी ठेवून बसले.

"काय झालंय?" बायकोने विचारलं.

"मॉडेल बदलायला लागणार. नाहीतर तुझ्या भावाच्या शेजारी बसायला लागणार."

बायको आपल्या भावाला चांगली ओळखून होती. तिने पोळी ताटात वाढता वाढता विचारलं, "मॉडेल कशाला बदलायचं? त्याचं चुकलंय काय?"

"अगं, आपलं घर त्याच्यासारखं वागत नाही."

"मग घर बदलू. मॉडेल तुम्ही एवढं मरमर करून केलंय. घराला काय कष्ट पडलेत?"

ही गोष्ट कुठल्याच पुस्तकात लिहिलेली नव्हती, म्हणून वॉशरना तिचा प्रतिवाद करता आला नाही. सकाळी निळ्या रेघेचा छापील कागद बाथरूमच्या दारावर चिकटलेला होता. कुणी कधी आत जायचं, किती पाणी घ्यायचं, कधी बाहेर पडायचं, सगळं त्यावर. आणि घर कामाला लागलं. आबा खांद्यावर टॉवेल टाकून घड्याळासमोर असे उभे राहू लागले, जणू काही त्यांचं विमान सुटणार आहे. लेक कधी नव्हे ती वेळेच्या आधी बाहेर आली, तर आबांनी तिला परत आत पाठवलं.

"तुझी अर्धी बादली उरलीय. ओत."

"कशावर ओतू आबा?"

"मॉडेलवर ओत! रेघ वर राहिली तर तुझा बाप नापास होईल."

लेकीने ती कुंडीत ओतली. कुंडीतलं झाड तीन दिवसांत वाळक्या काडीवरून फुलावर आलं. आबांना स्वतःच्या मानाच्या दुसऱ्या बादलीचं काय करावं ते कळेना, पण नियम म्हणजे नियम, म्हणून ते दोनदा आंघोळ करू लागले. लाल रेघ निळीच्या जवळ सरकू लागली.

सगळ्यांचं आटोपल्यावर वॉशर टॉवेल घेऊन दारापाशी आले.

"तुम्ही कुठे निघालात?" बायको आडवी आली.

"आंघोळीला."

"कागदावर बघा."

वॉशरनी कागद वरपासून खालपर्यंत वाचला. मग खालपासून वरपर्यंत. मग त्यांना 'तात्पुरता' आठवलं.

"अगं, मी स्वतःला काढलं होतं. रेघ शून्याखाली जात होती म्हणून."

"मग आता घातलं तर?"

"तर जाईल."

"मग?" बायको हळुवारपणे म्हणाली. "सुटीच्या दिवसापर्यंतचाच प्रश्न आहे ना? कारखान्यात करा की आंघोळ."

पण कारखान्यातला कामगारांचा शॉवर बंद होता. तो दुरुस्तीला निघाला होता, आणि दारावर सूचना होती, की वॉशर मागवला आहे. तो मागवणारे वॉशरच होते, आणि तो द्यायचा होता मेव्हण्याच्या भांडाराने.

"दाजी, येईल हो," मेव्हणा म्हणाला आणि दोन पावलं मागे सरकला. "दुरुस्ती विभागात काही मेलंय का?"

वॉशरनी ओल्या फडक्यावर भागवलं. अत्तर लावून बघितलं, तर ते बिचारं एकटं पडलं. वर्गात त्यांच्या आजूबाजूचे बाक रिकामे होत गेले. मॅडम दुरूनच म्हणाल्या, "रेघा सुंदर जुळतायत. कुणीतरी खिडकी उघडा."

सुटीच्या दिवशी सकाळी मॅडम आल्या. मागोमाग मेव्हणाही आला, "ताईला भेटायला". जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर ठेवला. दोन रेघा एकमेकींच्या अंगावर पडून एकीसारख्या चालत होत्या. आत आबांची दुसरी आंघोळ सुरू होती, स्वयंपाकघरात बायको मापाने भांडी विसळत होती, लेक कागदावर खुणा करत होती.

"जरा हात धुतो हं ताई," मेव्हणा म्हणाला आणि कुणी अडवायच्या आत त्याने बेसिनचा नळ पूर्ण सोडला. हाताला काय लागलं होतं देव जाणे, तो कोपरापर्यंत धूत राहिला.

लाल रेघ निळीचा हात सोडून खाली घसरली. वॉशरच्या पाचावर धारण बसली. त्यांना दिसला तो बाक, बाकावर मेव्हणा, आणि मेव्हण्याच्या तोंडात शिडी.

"आबाऽऽ!" लेक ओरडली. "मामाने नळ सोडला! आपली लाल खाली गेली!"

बाथरूममधून आबांचा आवाज आला, "माझ्यातून वजा करा!" पाण्याचा आवाज थांबला. दार उघडलं, आणि आबा टॉवेल गुंडाळून बाहेर आले. डोक्यावर फेस, भुवयांवर फेस, कानात फेस. भरलेली बादली त्यांनी तशीच ठेवली होती, बायकोने ती उचलली आणि भांड्यांना लावली. स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. लाल रेघ जागीच थांबली, निळी खाली उतरत तिच्यापाशी आली, आणि दोघी पुन्हा एकत्र चालू लागल्या.

"जुळली का?" आबांनी एक डोळा उघडून विचारलं. मग त्यांना मॅडम दिसल्या. "नमस्कार."

मॅडमनी नमस्कार केला आणि पडद्याकडे बघितलं. मग खोलीकडे. मग पुन्हा पडद्याकडे. "घरात माणसं चार आहेत. मॉडेलमध्ये तीनच."

मेव्हण्याचा चेहरा उजळला. वॉशरनी तोंड उघडलं, पण बायको पदराला हात पुसत मध्येच म्हणाली, "ते बघणारे आहेत ना. बघणाऱ्याने रेषेबाहेर राहायचं, मध्ये हात घालायचा नाही. तुम्हीच शिकवलंत असं म्हणाले."

"आणि तुम्ही खरोखर..." मॅडमनी वॉशरकडे बघितलं, एक श्वास घेतला, आणि त्यांची खात्री पटली. डोळ्यांत पाणी आलं, ते आदराने की कसं हे सांगणं कठीण. "पैकीच्या पैकी," त्या म्हणाल्या, आणि गॅलरीत गेल्या.

वॉशर टॉवेलकडे धावले. "झालं! आता कागद फाडा!"

कुणी हललं नाही.

"बाबा, पण आता सकाळी भांडणं होत नाहीत," लेक म्हणाली.

"दोन बादल्यांची सवय झाली बाबा," आबा फेसातून म्हणाले.

"आणि चालू यंत्रात हात घालू नये," बायको म्हणाली. "हेही तुमचंच, कारखान्यातलं."

वॉशर मॅडमकडे गेले. मॅडमनी वाऱ्याकडे तोंड करून सांगितलं, की हे मॉडेल आता पुढच्या बॅचसाठी नमुना म्हणून गोठवलं आहे, घरासकट. त्यात बदल हवा असल्यास पुढच्या बॅचमधल्या ज्या विद्यार्थ्याकडे ते सोपवलं जाईल, त्याच्याकडे रीतसर अर्ज करावा. एका विद्यार्थ्याने त्यासाठी आत्ताच हात वर केला आहे. आणि तो हात फारच स्वच्छ आहे.

आता वॉशर डिझाइन विभागात बसतात. खोली गार आहे, खुर्ची गोल फिरते. ती खोलीच्या टोकाला, हवा बाहेर फेकणाऱ्या पंख्याखाली एकटीच ठेवलेली आहे. तिथून त्यांनी पाठवलेला अर्ज मेव्हण्याच्या टेबलावर आहे, त्यावर चहाचा कप असतो. अर्ज असा:

"विनंती की, अर्जदारास सदर प्रणालीत एक वापरकर्ता म्हणून सामावून घेण्यात यावं. एक बादली शक्य नसल्यास अर्धी चालेल. तीही शक्य नसल्यास, टाकीत जे उणे पाणी शिल्लक असेल ते अर्जदाराच्या नावे करून त्यात आंघोळ करण्याची लेखी परवानगी मिळावी. साबण अर्जदार स्वतः आणेल."