न झालेला ट्रक

जगात जे खरोखर आहे त्याची कुठेतरी नोंद असते. ज्याची नोंद नाही ते नुसतं हट्टाने उभं असतं. इंग्लंडातल्या लँकेशर परगण्यातल्या आमच्या जुन्या अवजड ट्रकांच्या मंडळाचा कारभार याच सत्यावर चालतो. मी मंडळाचा सहचिटणीस आहे आणि मला त्याचा अभिमान आहे.

हारक्रॉफ्ट कंपनीने ‘बॅजर ब’ जातीचे सहाचाकी ट्रक आठच बनवले, हे आमचे नोंदणीप्रमुख क्लिफर्ड एन्टविसल यांनी बावीस वर्षं खपून सिद्ध केलं. आधीच्या ‘बॅजर अ’च्या पुढच्या जाळीला सात पट्ट्या, ‘ब’च्या जाळीला आठ. (‘क’ निघालाच नाही. यावरून दोन सभासद अजून एकमेकांशी बोलत नाहीत.) पुरावा म्हणजे कारखान्याची वही. तिच्या शेवटच्या पानावर आठ ओळी मावतात आणि आठ भरल्या आहेत. पुढचं पान फाटलेलं आहे, म्हणजे त्यावर महत्त्वाचं काही नसणार.

जूनच्या मेळाव्याला विल्फ ऑर्मरॉड आला. वय त्र्याऐंशी. त्याने एकच ‘बॅजर ब’ सव्वीस वर्षं चालवला होता आणि पुढे तोच भंगारातून सोडवून अकरा वर्षं दुरुस्त केला होता. त्याची बायको नोरा नवी टोपी घालून सकाळी सातपासून केबिनमध्ये बसली होती. पुढचा जून तिला दिसेल असं डॉक्टर म्हणत नव्हते. आमची मिरवणूक हारक्रॉफ्टच्या बंद पडलेल्या कारखान्याच्या दारावरून जाते. तिथून तिला एकदा या ट्रकमधून न्यायचं, एवढंच विल्फचं मागणं होतं. मिरवणुकीत मात्र मंडळाने ओळख पटवलेलेच ट्रक घेतात.

क्लिफर्ड तारेचा ब्रश घेऊन ट्रकखाली आडवे झाले. चॅसिसवर आकडा ठोकलेला होता : ब-९.

“विल्फ, हा ट्रक झालेला नाही,” ते खालूनच म्हणाले.

“मग तुझ्या डोक्यावर काय आहे, गड्या?”

“त्यावर समिती बसेल.”

समिती बसली (चहा, बेकनचे पाव, पाच विरुद्ध दोन). ट्रक झालेला नाही, असं ठरलं. तरीही एक पट्टी काढून आकडा कानशीने घासला, तर ‘अ’ची नक्कल म्हणून सर्वांच्या मागे चालायला आमची हरकत नव्हती. मंडळ निर्दयी नाही.

“आमचा थोरला या केबिनमध्ये जन्मलाय,” विल्फ म्हणाला.

“त्याच्या जन्मदाखल्यावर चॅसिस नंबर आहे का?”

यावर नोराने वरून डोकं बाहेर काढलं. “क्लिफर्ड, त्या दिवशी बर्फातून गरम पाणी तुझ्या बापानेच आणून दिलं होतं. तोपण झाला नव्हता वाटतं?”

(हा प्रश्न इतिवृत्तात ‘आयत्या वेळचे विषय’ या सदरात आहे.)

आम्ही पुढे केलेली कानस विल्फने परत दिली, इंजिन चालू केलं आणि नोराला घेऊन तो मैदानाबाहेर पडला. जाताना फाटकाचा खांब आडवा झाला. न झालेला ट्रक खांब पाडू शकत नाही, म्हणून कारण ‘वारा’ असं लिहिलं. त्या दिवशी पानही हलत नव्हतं. मला वाईट वाटलं. पण त्या पाचांत माझाही हात होता.

ती दोघं कारखान्याच्या दारापर्यंत पोचली का, हे आमच्यापैकी कुणीच विचारलं नाही. वाचकांनाही ते विचारावंसं वाटलं नसेल, आणि नववा होता तर दहावाही असेल का, एवढंच मनात घोळत असेल, तर सभासदत्वाचा अर्ज माझ्याकडे मिळेल.