ऑफिसातला ऑरिन

"ऑरिन इथे नाही," ऑरिन टोफ्टने फोनवर बायकोला ठणकावून सांगितलं.

"मग मी बोलतेय कुणाशी?" मार्लिस म्हणाली. "जेवणासाठी दिलेलं हॉटडिश गाडीतून आत नेलंस का?"

"ते घरच्या ऑरिनला विचार. मी ऑफिसातला. मी बायको कधी पाहिलेलीच नाही."

"सुटली बिचारी," म्हणून मार्लिसने फोन ठेवला.

खूळ टीव्हीवरच्या मालिकेचं होतं. त्यातली माणसं कचेरीत शिरली की घर विसरत आणि बाहेर पडली की काम. मिनेसोटातल्या त्या गावात जो तो मालिका बघून हळहळला. ऑरिनला मात्र ती भलतीच सोयीची वाटली. बियाण्यांच्या कंपनीत दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकायच्या आणि त्या उशाशी घेऊन झोपायचं, हे आता बंद! ऑफिसच्या दाराशी खुंटीवर लोकरी टोपी अडकवली की घरचा ऑरिन तिथेच लटकणार, असं त्याने ठरवून टाकलं.

आज ऑफिसात सगळ्यांनी घरून काहीबाही आणून एकत्र जेवायचं होतं. मार्लिसचं खिमा-बटाट्याचं हॉटडिश गाडीत गोठत पडलं आणि ऑरिन दुसऱ्यांच्या पदार्थांवर ताव मारत राहिला.

"तुझं कुठंय?" बाकनसाहेबांनी विचारलं.

ऑरिनने मोठ्या रुबाबात आपली योजना समजावून दिली. ऐकता ऐकता साहेबांचे डोळे चमकले.

"म्हणजे ऑफिसातल्या तुला घरच नाही?"

"अजिबात नाही, साहेब."

"पोरंबाळं?"

"ऐकिवात नाहीत."

"मग संध्याकाळी घाई कसली? थांब आज. वसंतातल्या ऑर्डरी लावून टाक."

आज संध्याकाळीच ऑरिनची मुलगी ग्रेटा पहिल्यांदा आइस हॉकीच्या सामन्यात गोल राखणार होती. नाश्त्यालासुद्धा ती पायांना जाडजूड पॅड बांधून बसली होती, आणि घरच्या ऑरिनने येण्याचं वचन दिलं होतं. पण त्या गावात कुणी कुणाला तोंडावर "नाही" म्हणत नसे. ते शिवी दिल्यासारखं वाटे.

"बघू या," ऑरिन पुटपुटला. तिथे त्याचा अर्थ "नाही" असाच होतो, हे बाकनसाहेबांना पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच तो होकार धरून ते "शाब्बास" म्हणाले.

संध्याकाळी सगळे टोप्या चढवत असताना दार उघडलं. पॅड बांधलेली ग्रेटा बदकासारखी डुलत आत आली, मागे मार्लिस. ग्रेटा थेट ऑरिनच्या टेबलाशी आली आणि तिने हात पुढे केला.

"नमस्कार. मी ग्रेटा. आपली ओळख नाही."

"ग्रेटा, अगं..."

"सामन्याला बाबा येणारच आहेत. पण दिवसभर काम तुम्ही करता आणि मजा तेच करतात. खुंटीवर टोपी अडकवताना तुम्हाला कुणी विचारलं तरी होतं का?"

खरंच की, विचारलं नव्हतं. या ऑफिसातल्या ऑरिनला जन्माला घालून आठवडाही झाला नव्हता, आणि अजून बिचाऱ्याने ऑफिसबाहेरचं आभाळ पाहिलं नव्हतं.

"म्हणून तुम्हालाही बोलवायला आलेय," ग्रेटा म्हणाली. "याल?"

"तो थांबणार आहे," बाकनसाहेब मागून म्हणाले. "हो ना, ऑरिन?"

घरचा ऑरिन असता तर पुन्हा "बघू या" म्हणाला असता. पण ऑफिसातल्याला गावच्या रीतीभाती कुणी शिकवल्याच नव्हत्या.

"नाही," तो म्हणाला.

कुणाच्या तरी हातून कप पडला.

"हे वेगळंच आहे हं," बाकनसाहेब म्हणाले. त्याहून कडक बोलायची तिथे पद्धत नव्हती.

ग्रेटाने सामन्यात सपाटून मार खाल्ला. परतताना ती गाडीच्या मागच्या सीटवर गोठलेल्या हॉटडिशशेजारी फुगून बसली होती.

"हरले ते मी नव्हेच," ती अखेर म्हणाली. "ती बर्फावरची ग्रेटा होती."

"बरं," ऑरिन म्हणाला. "मग तिला तिथेच थंडीत ठेवून यायचं?"

हॉटडिश मांडीवर घेत ग्रेटा बाजूला सरकली.

"बसू दे तिला इथे."

घरी मार्लिसने हॉटडिश ओव्हनमध्ये सरकवलं आणि मोजून पाच ताटं मांडली.