लोरेटाबाई चुकीच्या घरी जेवल्या

आपण चुकीच्या घरात बसलो आहोत हे लोरेटा कुचेरा यांच्या लक्षात आलं, तेव्हा त्यांच्या ताटात कुस्करलेल्या बटाट्याचा दुसरा डोंगर वाढून झाला होता. पहिला त्यांनी संपवला होता. म्हणजे हात पुसून निघून जाण्याची वेळ केव्हाच टळली होती.

कॉटनवुड कॉलेजच्या मुलींच्या सॉफ्टबॉल संघाच्या त्या एकोणीस वर्षं मुख्य कोच होत्या. मुख्य कोच म्हटलं की लोकांना वाटतं, हाताखाली दोन-चार माणसं असतील. लोरेटाबाईंच्या हाताखाली एक फावडं होतं. मैदानावर चुना त्याच मारत, संघाचे कपडे त्याच धूत आणि नेब्रास्काभर संघाची बसही त्याच हाकत. गेल्या मोसमात त्यांची एकुलती एक चांगली पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, लग्न करून ओरेगॉनला निघून गेली आणि संघ ओळीने सव्वीस सामने हरला. तेव्हा क्रीडा विभागाचे प्रमुख गोड आवाजात म्हणाले होते, "लोरेटा, या वर्षीही पिचर नाही मिळाली, तर तू जरा आराम कर." या आरामाचा अर्थ न कळण्याइतक्या त्या नवख्या नव्हत्या.

म्हणून तीन तास गाडी चालवून त्या डॅग्नी स्टेन्सगार्डला भेटायला आल्या होत्या. बारावीतली ही मुलगी साऱ्या परगण्यात सगळ्यात वेगवान चेंडू टाकते, असा तिचा लौकिक होता. रस्त्याकडेच्या टपालपेटीच्या पाटीवर 'स्टेन्सगार्ड' वाचलं आणि बाईंनी गाडी आत घातली. दार उघडणाऱ्या आईला, जोलीनला, त्या म्हणाल्या, "मी कॉलेजची सॉफ्टबॉल कोच. तुमच्या डॅग्नीसाठी आलेय." जोलीनने डोळे टिपले आणि टेबलावर आणखी एक ताट मांडलं.

जेवताना बाईंनी आपलं नेहमीचं भाषण केलं. कॉलेज लहान आहे पण घरासारखं आहे, वगैरे. शेवटी, "संघात तुझी जागा पक्की समज," असंही सांगून टाकलं. डॅग्नीने मान हलवली आणि बीटचं लोणचं वाढून घेतलं. पोरगी आडव्या बांध्याची, खांदे दणकट.

"ताकद आहे हो तिच्यात," बाप हार्लन अभिमानाने म्हणाला. "वासरू उचलून ट्रकमध्ये ठेवते."

"आणि चेंडू?"

"चेंडूचं काय, वासरापेक्षा हलकाच की."

बाई पुढचं विचारणार होत्या. तेवढ्यात टेबलाच्या टोकाला बसलेल्या आजी बोलू लागल्या. "तुम्ही आलात, फार बरं वाटलं. जो येतो तो तिकडच्या डॅग्नीसाठी येतो. आमच्या हिला विचारायला आजवर कोणी आलं नव्हतं."

"तिकडची डॅग्नी?"

"माझ्या धाकट्याची मुलगी. अर्ध्या मैलावर घर आहे. एकाच महिन्यात दोघी झाल्या. दोघांनाही माझंच नाव ठेवायचं होतं, आणि माघार कोणी घेईना."

लोरेटाबाईंनी काटा खाली ठेवला. "आजी, मला वाटतं, माझा जरा घोटाळा..."

"कोचना अजून रस्सा वाढ गं," आजी म्हणाल्या.

बाईंनी पुन्हा तोंड उघडलं, तर जोलीन फोनवर बोलताना ऐकू आली. "हो, मार्व्हा, कॉलेजच्या कोच. आमच्याकडेच. छे गं, तुझ्या नाही, माझ्या डॅग्नीसाठी. आत्ताच जागा पक्की केली."

मार्व्हा ही तिची धाकटी जाऊ. चार मिनिटांत तिची गाडी दारात येऊन उभी राहिली. मागोमाग कानात इअरफोन घातलेली, उंच, सडपातळ तिकडची डॅग्नी उतरली.

"सहा वाजता यायचं ठरलं होतं तुमचं," मार्व्हा दारातूनच म्हणाली. "माझं मांस ओव्हनमध्ये वाळून चाललंय."

"कोच स्वतःच्या पायांनी इथे आल्यात," जोलीन म्हणाली. "मी काही ओढून आणलं नाही."

"पाटी वाचून आल्या असतील. पाटीवर आडनाव सारखंच आहे, बाकी काही नाही."

आता गप्प बसणं शक्य नव्हतं. लोरेटाबाई उभ्या राहिल्या. "माझी चूक झाली. मी पिचर डॅग्नीकडे निघाले होते. जोलीन, मला आधीच सांगायला हवं होतं. माफ करा."

जोलीनने बाईंचं ताट उचललं, त्यात निम्मे बटाटे होते तरी. इतकी लाज बाईंना ओळीने सव्वीस सामने हरूनही वाटली नव्हती.

"चला मग," मार्व्हा म्हणाली.

तिकडच्या डॅग्नीने एका कानातला इअरफोन काढला. "आई, मी मंगळवारीच सही केलीय ना दुसऱ्या कॉलेजकडे?"

मार्व्हाने तिला डोळ्यांनी दटावलं.

"मग मला कशाला बोलावलंत?" लोरेटाबाईंचा आवाज चढला. "तीन तास गाडी हाकलीय मी."

उत्तर आजींनी दिलं. "थोरल्या जावेच्या दारावरून कोच लोकांच्या गाड्या जाताना दिसाव्यात म्हणून. तुमची सातवी. बाकीचे सहा जण नीट पुढे गेले."

दोघी जावा आता मनापासून भांडू लागल्या. दोन्ही डॅग्नींना हे रोजचंच असावं. त्या निमूट बाहेर गेल्या. लोरेटाबाईही गाडीची किल्ली चाचपत निघाल्या. नोकरी गेल्यात जमा होती. पायरीवर येतात तोच गोठ्याकडून आवाज आला. फट्. पुन्हा फट्.

तिकडची डॅग्नी चेंडू टाकत होती. वेग खराच जबरदस्त होता. पण बाईंची नजर तिच्यावर ठरली नाही. समोर इकडची डॅग्नी तोंडावरच्या जाळीशिवाय, पॅडशिवाय, गमबूट घालून उकिडवी बसली होती. चेंडू खाली आपटला, बाजूला सुटला, डोक्यावरून निघाला. तिचा हात आधीच तिथे असे. एकोणीस वर्षांत बाईंनी असली कॅचर पाहिली नव्हती. फलंदाजामागे अशी कोणी बसली असेल, तर साधारण पिचरसुद्धा बिनधास्त चेंडू टाकील.

"शाळेच्या संघात का नाहीस तू?" त्यांनी धावत येत विचारलं.

"सरावाच्या वेळी गाई पिळायच्या असतात."

"माझे चेंडू हिच्याशिवाय कोणाला धरता येत नाहीत," तिकडची डॅग्नी म्हणाली. "शाळेच्या कॅचरचं बोट मोडलं."

लोरेटाबाई धापा टाकत इकडच्या डॅग्नीजवळ पोहोचल्या. "मघाशी मी जे म्हणाले ना, जागा पक्की, ते तसंच धर. चुकून बोलले, पण खरंच बोलले."

डॅग्नीने ग्लोव्ह काढला. "मला यायचं नाहीये, कोच. तेव्हाच सांगणार होते, पण आजी खूश दिसली. मला डिझेल इंजिनं दुरुस्त करायला शिकायचंय."

"ते कॉटनवुडपासून वीस मिनिटांवर शिकवतात. सकाळी ते कर, दुपारी सराव. मी गाडीने सोडीन तुला."

"गाई?"

"गाईंचं तुझे बाबा बघतील. मी बोलते त्यांच्याशी. जोलीनशीही बोलते." बाई गोठ्याच्या चिखलात जवळजवळ गुडघ्यावर आल्या होत्या. "तुला काय हवं ते सांग, बाळा."

डॅग्नीने गमबुटाचा चिखल कुंपणाला पुसला. "विचार करून सांगते. गुरुवारी या."

"गुरुवारी मी डुकराचं मांस करेन," पायरीवरून आजी म्हणाल्या. "सहाला या. आणि पाटी नीट वाचा."

लोरेटाबाईंनी डायरी काढली आणि गुरुवारच्या पानावर लिहिलं: पहिलं घर.