नकाशेवाल्यांना प्रवेश नाही

बुधवारी सकाळी साडेसहा वाजता नकाशेवाल्यांना त्यांच्याच स्वप्नांत प्रवेश नाकारण्यात आला. नकार अत्यंत सभ्य होता. पडद्यावर दोन वाक्यं उमटली : "आपण आपणच आहात, याची खात्री पटली आहे. मात्र आपणांस आत जाण्याची परवानगी नाही."

नकाशेवाल्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. यातलं पहिलं वाक्य कोणाकडून तरी ऐकायला मिळावं म्हणून लोक डोंगरात जाऊन वर्षानुवर्षं बसतात. यांना ते घरबसल्या, चहाच्याही आधी मिळालं होतं. पण दुसऱ्या वाक्याने सगळ्यावर पाणी फिरवलं.

नकाशेवाले भूमापन कचेरीत मुख्य आरेखक होते. उन्हातान्हात जाऊन जमीन मोजणारे दुसरे. ती मोजणी कागदावर उतरवणारे हे. सव्वीस वर्षांत त्यांनी आखलेली एकही हद्द खोडायची वेळ आली नव्हती. लोक त्यांचं खरं नाव विसरले होते आणि त्यांनीही ते फारसं मनाला लावून घेतलं नव्हतं.

दिवसा ते लोकांच्या जमिनी आखत आणि झोपेत स्वतःचं एक गाव. गेली अकरा वर्षं त्यांना एकाच गावाचं स्वप्न पडत होतं. तिथे कायम पातळसं धुकं असे. पायऱ्या पाण्यात उतरत आणि कुठे संपत ते दिसत नसे. मनोऱ्यावरच्या घड्याळात सदैव पावणेचार वाजलेले. लोक चालत नसत, जमिनीपासून वीतभर वर तरंगत, आणि त्याचं कोणाला काही वाटत नसे. एका झोपेत एखादी गल्ली हाती लागे. सकाळी ती विरायच्या आत नकाशेवाले ती टिपून घेत आणि नकाशात भरत. झोपण्यापूर्वी नकाशावर एक नजर टाकली, की डोळे मिटताच गावाचा नाका यायचा; नजर टाकली नाही तर गाव येत नसे. आता एकच गल्ली पुरी व्हायची राहिली होती. मनोऱ्यामागे कुठेतरी एक निळं दार होतं आणि त्याच्यामागे कोणीतरी गुणगुणत होतं. अकरा वर्षं ते गुणगुणणं ऐकू येत होतं. दार काही सापडत नव्हतं.

हा सगळा ऐवज पूर्वी इंटरनेटवर फुकट जागा देणाऱ्या एका मोठ्या कंपनीकडे असे. एकदा नकाशेवाल्यांनी लिहिलं, की आज आपण गादीवर बसून नदी ओलांडली. दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या फोनवर गाद्यांच्या बावीस जाहिराती आल्या, आणि संध्याकाळी बायकोच्या फोनवर उशांच्या. आपल्या झोपेत कोणीतरी दुकान थाटलंय, हे त्यांना सहन झालं नाही. त्यांनी स्वतःची कोठी आणली.

ही व्यवस्था तीन भागांची होती. पहिली कोठी, म्हणजे चपलांच्या कपाटावर ठेवलेली डब्याएवढी पेटी. तिच्यात माणसाचं सगळं मावतं : घराचे कागद, दातांचे एक्स-रे, फोटो, स्वप्नं. दुसरी ओळख, हा एक पत्ता असतो, तो दाखवला की समोरच्याला कळतं, हे तेच गृहस्थ. आणि तिसरा दरवान. तो आधी ओळख तपासतो, मग यादी बघतो, मग दार उघडतो. दरवानाला मालक, नोकर, पाहुणा असलं काही समजत नाही. त्याला यादी समजते.

ती यादी नकाशेवाल्यांनी मंगळवारी संध्याकाळी, कचेरीच्या शिस्तीत, स्वतः बनवली होती. पत्नी : वाचू शकते. मेहुणा : भर घालू शकतो, कारण सहलीचे फोटो त्याच्याकडे अडकले होते. शेजारचे दंतवैद्य : वाचू शकतात. शेवटी पेटीने विचारलं, यादी बदलण्याचा हक्क कोणाला? विश्वासू व्यक्ती नेमा. नकाशेवाल्यांनी पुष्कळ विचार केला आणि ताईचं नाव घातलं. ताई त्यांच्याशी चार वर्षं बोलत नव्हती. जी आपल्याशीच बोलत नाही, ती आपल्याबद्दल काय बोलणार, असा त्यांचा हिशेब होता.

मग त्यांनी 'कायम करा' दाबलं. स्वतःचं नाव यादीत घालायचं त्यांच्या डोक्यातही आलं नाही. स्वतःच्या घरावर पाटी लावताना 'मालकास आत येण्यास हरकत नाही' असं कोण लिहितं?

मदत केंद्रातल्या बाईंचा आवाज इतका मऊ होता, की ऐकताना डोळ्यांवर झापड यावी.

"तुम्ही मालक का?"

"हो."

"यादीत आहात?"

"नाही."

"मग तुम्ही पेटीचे मालक. आतल्या गोष्टींचे नाही."

"अहो बाई, ती स्वप्नं मला पडलीत!"

"पडली असतील. प्रत्येकाला काही ना काही पडतच असतं. पेटी पुसून नवी करू का? स्वप्नंही जातील अर्थात."

"नको, नको!"

"मग यादी बदलायचा हक्क कोणाकडे आहे?"

"बहिणीकडे."

"अय्या, मग सोपंच आहे की!"

"तुम्हाला बहीण आहे का हो?" नकाशेवाल्यांनी विचारलं.

"तुमची तक्रार मी 'अवघड' या रकान्यात टाकते," बाई म्हणाल्या.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. पण पेटीचा आणखी एक नियम होता. आतल्या कप्प्याला वेगळी यादी दिली नाही, तर बाहेरचीच यादी त्यालाही लागू. म्हणजे ज्याला घराचे कागद बघायची मुभा, त्याला स्वप्नंही खुली. हे नकाशेवाल्यांना कळायच्या आधी बायकोला कळलं.

"अहो, अकरा वर्षांत मी तीनदा आलेय," तिने नाश्त्याची बशी पुढ्यात ठेवत सांगितलं.

"कुठे?"

"तुमच्या स्वप्नांत. दोनदा पाठमोरी. एकदा नाक्यावर तिकिटं देत बसलेय."

"तिकीट देणारी महत्त्वाची असते. तिने सोडल्याशिवाय गावात जाता येत नाही."

"आणि तुम्ही मला ओळखही दाखवली नाहीत. 'खिडकीतल्या बाईंनी' म्हणून लिहिलंय!"

नकाशेवाल्यांनी बशीत लक्ष घातलं.

गुरुवारी मेहुण्याचा फोन आला. मेहुणा गाडी शिकवण्याची शाळा चालवत असे आणि जगाकडे समोरच्या काचेतून बघत असे.

"दाजी, गाव झकास आहे हो! पण गाडी कुठे लावायची?"

"मेहुणे, तिथे गाड्या नसतात. लोक तरंगतात."

"तरंगू देत ना. पण उतरल्यावर? मी घाटाजवळ साठ गाड्यांचं पार्किंग टाकलंय. आणि ती मनोऱ्याकडची गल्ली अरुंद आहे, म्हणून एकदिशा केलीय. बाण काढलेत."

"आधी ते खोडा बघू!"

"खोडू कसं? तुम्ही मला भर घालायचा हक्क दिलाय. खोडायचा कुठे दिलाय?"

त्याच संध्याकाळी दाढ ठणकायला लागली. दंतवैद्यांनी तोंडात तीन अवजारं घातली आणि मग गप्पांना सुरुवात केली. "त्या पायऱ्या पाण्यात उतरतात बघा, तिथे मला फार बरं वाटलं. माझं आपलं मत, त्या गुणगुणण्यामागे तुमची अक्कलदाढ आहे. काय म्हणता?" नकाशेवाले "आँ" म्हणाले. "तेच म्हणतो मी," दंतवैद्य म्हणाले.

सगळं गाव हिंडून येत होतं, फक्त गावाचा मालक बाहेर होता. नकाशा न बघता झोपल्यावर पहिल्या दिवशी त्यांना कचेरीतला जिना दिसला. दुसऱ्या दिवशी नुसतं बाकडं. तिसऱ्या दिवशी एक कोरा कागद, त्याच्या कोपऱ्यात शिक्का. शुक्रवारी कचेरीत एका शेताची हद्द आखताना सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांचा हात हलला आणि शेत तळ्यात गेलं. साहेबांनी कागद उजेडात धरला. "नकाशेवाले, झोप होते ना नीट?" त्यांनी विचारलं. नकाशेवाल्यांना हुंदका आला, तो त्यांनी शिंकेत घालवला.

आता ताईला अर्ज करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. भांडण तसं एका वाक्याचं होतं. चार वर्षांपूर्वी भरल्या पंगतीत ताई म्हणाली होती, "आमच्या धाकट्याला अख्ख्या जिल्ह्याच्या हद्दी पाठ, पण कोपऱ्यावरच्या दुकानात पाठवला तर शोधायला माणूस धाडावा लागतो." सगळे हसले. बायको सर्वांत जास्त हसली. नकाशेवाले ताटावरून उठून तडक घरी निघाले आणि वाट चुकून दोन तासांनी पोचले. नुसता अपमान त्यांनी पचवला असता. पण ताई खरं बोलली होती, हे त्यांच्याच पायांनी सिद्ध केलं, ते विसरणं अशक्य होतं.

पेटीतूनच अर्ज करायची सोय होती. कारणासाठी एक ओळ. नकाशेवाल्यांनी लिहिलं : "तांत्रिक अडचणीमुळे परवानगी मिळावी, ही विनंती."

पाच मिनिटांत उत्तर आलं : "नामंजूर. भाषा सरकारी."

त्यांनी दात आवळले. त्यातला एक दुखला. "माझी स्वप्नं आहेत," त्यांनी लिहिलं.

"नामंजूर. निम्मी."

नकाशेवाल्यांनी तो शब्द दोनदा वाचला आणि लिहिलं : "म्हणजे काय?"

"अर्जदाराने शनिवारी दुपारी समक्ष हजर राहावे. वाट चुकल्यास फोन करावा."

शनिवारी ते दोनदा चुकले आणि फोन न करता पोचले. ताई शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाली होती. दार उघडून तिने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "वाळलास," एवढं म्हणून ती आत वळली. चार वर्षांचा अबोला त्या एका शब्दात आटोपला.

जेवणाच्या टेबलावर त्यांचं गाव पसरलं होतं. ताईने यादीत स्वतःचं नाव घालून घेतलं होतं, सगळा नकाशा छापून, तुकडे चिकटवून अंथरला होता आणि वर लाल पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. काठावर लिहिलं होतं : प्रमाण चुकले. उत्तर दिशा कुठे? अक्षर बरे.

"मनोऱ्यामागची गल्ली तू डावीकडे वळवलीस," ती म्हणाली. "ती उजवीकडे वळते."

"तुला काय माहीत?"

"मीच काढली होती. खडूने."

"कुठे?"

"तुझ्या खाटेखाली, फरशीवर. तुला गोवर आला होता, सहा वर्षांचा होतास. बाहेर सोडत नव्हते, नुसता किरकिर करायचास. मग मी रोज शाळेतून आले की एक गल्ली काढायचे. तू पालथा पडून खाली हात सोडायचास आणि बोटाने गावात फिरायचास. फिरता फिरता झोपायचास."

"आणि घड्याळ?"

"मी पावणेचारला यायचे ना घरी."

खिडकीचा पडदा हलका फुगला आणि पुन्हा खाली बसला. नकाशेवाल्यांनी नकाशावर बोट ठेवलं. बोटाला वाट ठाऊक होती. पायऱ्या, घाट, मनोरा. तिथे येऊन ते थांबलं.

"मग ते निळं दार?"

"ते शेवटचं राहिलं. खडू होता हातात, पण तू बरा झालास आणि पळालास खेळायला. खाटेखाली मी एकटीच. गाणं म्हणत बसले होते. नंतर फरशी पुसली कोणीतरी."

नकाशेवाल्यांनी नकाशावरून बोट उचललं. "परवानगी देतेस ना?"

ताईने चष्मा चढवला, फोनवर यादी काढली आणि चार वेळा बोट टेकवलं. "दिली. वाचायची."

"फक्त वाचायची? ताई, गाव माझं आहे!"

"निम्मं. लिहायचं असेल तर इथे यायचं. दर शनिवारी. लाल पेन्सिल माझ्याकडेच राहील."

"आणि ते पार्किंग?"

"असू दे. तुझा मेहुणा गाढव आहे, पण बाण त्याने बरोबर काढलेत. बस तिथे, चहा टाकते."

नकाशेवाले खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसले. मांडीवर नकाशा घेतला. नुसती एक नजर टाकावी म्हणून टाकली. स्वयंपाकघरात आधण गुणगुणायला लागलं, की ताई, ते नीट कळेना.

धुकं आलं. नाका आला. खिडकीत बायको बसली होती, या वेळी तोंड समोर करून.

"यादीत नाव आहे का?"

"आहे. वाचण्यापुरतं."

"मला ओळखलंत?"

"तुला नाही ओळखणार?"

"मग जा वाचत वाचत," ती म्हणाली आणि तिने आडवा दांडा वर केला.

घाटाजवळ साठ गाड्यांची जागा आखलेली होती, पांढऱ्या रेघांची, रिकामी, आणि कबूल करायला हवं, देखणी. पायऱ्यांवर दंतवैद्य पाण्यात पाय सोडून बसले होते. त्यांनी हात केला. नकाशेवाले वीतभर वरून बाणाबाणाने तरंगत निघाले आणि आयुष्यात पहिल्यांदाच कुठेही चुकले नाहीत. मनोऱ्यामागे गल्ली उजवीकडे वळली. तिच्या टोकाला निळं दार होतं, आणि आतून तेच गुणगुणणं.

नकाशेवाल्यांनी सवयीने खिशातून ओळख काढून पुढे धरली. पण दरवान कुठे दिसेना. दारावर खडूने, शाळकरी अक्षरात लिहिलं होतं : "कडी नाही. ढकल, धाकट्या."