पेजेची साके

नेरूरकरकाका आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले, तेव्हा त्यांना जोरदार ठसका लागला. माझ्या बायकोच्या, मेधाच्या, ठेच्याने भल्याभल्यांना लागतो. पण भलेभले लोक पाणी पितात. काकांच्या हातात पाण्याचा जग होता. डोळे लाल, नाक वाहतंय, अशा अवस्थेत त्यांनी माझा पेला भरला, मेधाचा भरला, आमच्या मुलीचा भरला, जग खाली ठेवला आणि स्वतःच्या रिकाम्या पेल्याकडे बघत खोकत बसले. मला वाटलं, आता हे आमच्या टेबलावरच जाणार. शेवटी मेधाने त्यांचा पेला भरला. तो एका दमात संपवून ते म्हणाले, "आपलो पेलो आपण भरूचो नाय. तकडे तसा नसता."

तकडे म्हणजे जपानात.

काका मूळचे कुडाळकडचे, कुवेतमध्ये शुवैखच्या एका पंपदुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये काम करायचे आणि खैतानला आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर एकटे राहायचे. तरुणपणी एका जपानी कंपनीने त्यांना शिकायला तिकडे नेलं होतं. गावात बर्फ, भाषा कळत नाही, रात्री झोप नाही. तेव्हा तिथला म्हातारा फोरमन रोज संध्याकाळी त्यांना साके प्यायला घेऊन जायचा. साके म्हणजे तांदळाची दारू. कोकणातल्या माणसाला परमुलखात तांदूळ आणि सुका मासा एकाच टेबलावर भेटले, मग तो परत कसला येतोय? अंगाने आला, एवढंच.

पण आला तो कुवेतमध्ये, जिथे दारूचा थेंबही चालत नाही. दुसरा कोणी हळहळून गप्प बसला असता. काकांनी पेज काढली. उकड्या तांदळाची, बिनमिठाची, गाळून पातळ केलेली. जपानहून आणलेल्या बारीक मानेच्या चिनीमातीच्या बाटलीत ती भरायची, बाटली गरम पाण्यात उभी करायची आणि अंगाला सोसेल इतकी ऊन झाली की चिमुकल्या प्याल्यांत ओतायची. तिला पेज म्हटलेलं त्यांना खपत नसे. मेधा नगरची. ती पहिल्याच दिवशी म्हणाली, "आमच्याकडे ही आजाऱ्याला देतात, आणि एवढ्याशा भांड्यात तर बाळगुटी." काकांनी डोळे मिटून एक घोट घेतला आणि म्हणाले, "तांदूळ अजून घासूक व्हयो होतो." साकेचा तांदूळ म्हणे आधी घासून घासून बारीक करतात.

शिवाय हा मनुष्य भर लिफ्टमध्ये, बिल्डिंगच्या रखवालदारासमोर, मोठ्याने विचारणार, "शुक्रवारी साके घेवक येतस मां?" मी घामाघूम. मला नोकरी होती, इकामा म्हणजे तिथे राहण्याचा परवाना होता, शाळेत जाणारी मुलगी होती. पेजेपायी देशाबाहेर काढलेला पहिला हिशेबनीस मीच ठरणार, अशी माझी खात्री होती.

तरी दर शुक्रवारी संध्याकाळी आम्ही जायचो. आम्ही म्हणजे मी आणि तिसऱ्या मजल्यावरचे हमीदभाई, दापोलीचे, अत्तराच्या दुकानात कामाला. हमीदभाईंनी पहिल्या दिवशी प्याला नाकाशी धरून विचारलं होतं, "नेरूरकर, नुसती पेजच ना रे बाबा? माझं इमान तुझ्या हातात आहे हां." काकांनी पातेलं आणून दाखवलं, तळाची शितं दाखवली, तेव्हा कुठे त्यांनी ओठ लावला.

नियम कडक. बाटली दोन्ही हातांनी धरायची. समोरच्याचा प्याला रिकामा दिसला की बोलणं तोडून भरायचा. आणि प्याल्याला प्याला लावताना धाकट्याने आपला प्याला मोठ्याच्या प्याल्याखाली न्यायचा. इथेच घोटाळा व्हायचा. काका आणि हमीदभाई एकाच वयाचे, दोघांपैकी एकाचीही जन्मतारीख धड खरी नाही. काका आपला प्याला खाली नेत, हमीदभाई त्याच्याही खाली नेत. प्याले टेबलाला टेकत, मग टेबलाच्या कडेवरून खाली उतरत. एकदा तर दोघेही खुर्चीतून वाकून जमिनीशी पोचले आणि हमीदभाईंच्या कमरेत उसण भरली. मी त्यांना धरून लिफ्टपर्यंत नेलं.

अशा संध्याकाळी बऱ्या जात. पण कुवेतमध्ये बऱ्या गोष्टींवर कोणी विसंबू नये. इथे राहायला कोणी येत नाही, जो तो आपली पाळी येईपर्यंत थांबलेला असतो. मला या गावाचा मनापासून राग आहे. इथे जीव लावायचा आणि विमानतळावर जाऊन हात हलवायचा, दुसरा उद्योग नाही. हमीदभाईंचं दुकान बंद झालं आणि ते दापोलीला गेले. जाताना हमीदभाईंची बॅग कोणी उचलायची, यावरून दोघा म्हाताऱ्यांची भांडाभांडी झाली.

मग माझी पाळी. कंपनीने आमचं खातंच गुंडाळलं. मी काकांना सांगायला गेलो, तर ते म्हणाले, "जा. पोरीची शाळा बघ." आणि थोड्या वेळाने, "तुझ्या जागेत कोण येतलो काय?"

त्या महिन्यात त्यांनी फार धडपड केली. समोरच्या केरळी मुलांना बोलावलं. ती रात्रपाळीची, दारातूनच हसून गेली. रखवालदाराला बोलावलं. त्याने एक घोट घेतला, छातीवर हात ठेवून आभार मानले आणि पुन्हा त्या मजल्यावर दिसला नाही. मला हसूही येईना.

"काका, आता गावी जा ना," मी म्हणालो.

"कोणाकडे?"

त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा इथेच जन्मला, इथेच वाढला, आता कॅनडात. काका मालवणीत विचारणार, जेवलंस काय, आणि तो सांगणार, "ओके बाबा, यू टेक केअर." गावचं घर भावाच्या मुलांनी पाडून नवं बांधलेलं.

"निदान हा नियम तरी सोडा. आपल्या हाताने घेऊन पीत जा."

काका बाटली पुसत होते. वर न बघता म्हणाले, "आपलो आपण भरूक लागलंय, तर माझ्याकडे कोण कित्याक येतलो?"

इतकी वर्षं मी त्यांना जपानवेडा समजत होतो.

पुण्यात आल्यावर पहिल्याच शुक्रवारी त्यांचा व्हिडिओ कॉल आला. टेबल मांडलेलं, बाटली, दोन प्याले. त्यांनी फोन कशाला तरी टेकवून उभा केला, बाटली दोन्ही हातांत धरली आणि फोनसमोरचा प्याला काठोकाठ भरला.

"ह्यो तुझो."

त्यांचा रिकामाच.

"भरा की तुमचाही," मी म्हणालो. "कोण बघतंय?"

"तू बघतस मां."

मग आम्ही बोलत बसलो. वर्कशॉपमध्ये आता काम कमी, उन्हाळा वाईट, हमीदभाईंचा गुडघा दुखतोय. बोलताना त्यांचं लक्ष त्या भरलेल्या प्याल्याकडे जात होतं. आधी त्यातून वाफ निघताना दिसत होती, मग दिसेना. पुण्यात बसून मी एक घोट ओतू शकत नव्हतो. इतकं हतबल मला नोकरी गेली तेव्हाही वाटलं नव्हतं.

"श्रीधर," ते जरा चाचरत म्हणाले, "तुझो प्यालो मी घेतलंय तर चलात काय?"

मी म्हणालो, "घ्या काका."

त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला, गार झालेली पेज सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. मग बाटली घेतली, माझा प्याला पुन्हा भरला आणि माझ्यासमोर ठेवला.